सातबारा वाचता येत नाही, आणि म्हणे वकील होणार!

उत्तरपत्रिका मिळाल्या ना सगळ्यांना? गुण मोजून झाले असतील तर कागद बाकावर ठेवा आणि तोंडं इकडे करा. मागची रांग, हसू नका. हसण्याजोगे गुण तुमच्यातल्या एकालाही पडलेले नाहीत.

जमीनविषयक कायदे हा पेपर तुम्ही हलक्यात घेता, हे मला ठाऊक आहे. फौजदारीत खून असतो, घटनेत मोठमोठे खटले असतात. इथे काय, तर हेक्टर-आर आणि कलमं. मग आदल्या रात्री गाइड उघडायचं. गाइडसुद्धा सगळ्यांचं एकच, कारण पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य उतरवलंय, शुद्धलेखनाच्या चुकीसकट : ‘सातबारा उतारा हा जमिनीच्या मालकीचा निर्णायक पुरावा होय.’ शेवटच्या वर्षाला येऊन हे लिहिता? पारावर बसलेला म्हातारा असं म्हणाला तर मी समजू शकतो. त्याने जन्मभर तोच कागद दाखवून सोसायटीचं कर्ज काढलंय, मुलीचं लग्न केलंय. तुम्ही उद्या काळा कोट चढवून त्याच म्हाताऱ्याकडून फी घेणार आहात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966. कलम 157 काढा. पुस्तक आणलेलं नाही? छान. मग ऐका. अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफारातली प्रमाणित नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर रीतीने दुसरी नोंद येईपर्यंत, खरी धरायची. बस्स, एवढंच. उलट सिद्ध करायला मोकळीक ठेवलेली असताना ती नोंद निर्णायक कशी झाली? सर्वोच्च न्यायालयाने हे 1996 साली सांगितलं, 2019 साली सांगितलं, मध्येही कितीदा सांगितलं : महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि महसुली नोंदीने मालकी जात नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. तलाठ्याच्या सज्जात नाही, तहसीलदाराच्या दालनात नाही आणि आमदाराच्या बैठकीत तर मुळीच नाही. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, नोंदवही तीच आहे.)

ही नोंदवही मुळात आली कशासाठी, हे तरी माहीत आहे का? 1820च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोजणी करून सारा ठरवला. निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के. कागदावर हिशेब चोख होता. गावात मात्र हाताखालच्या कारकुनांनी हवे ते आकडे भरले, सारा झेपेना आणि लोक जमिनी टाकून उठले. मग 1835-36 पासून इंदापुरात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी पुन्हा साखळी टाकली, सर्व्हे नंबर पाडले, तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. 1903 साली मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा आला. या साऱ्या खटाटोपात सरकारला एकच गोष्ट हवी होती : सारा कोणाकडून वसूल करायचा, त्याचं नाव. त्या नावाच्या माणसाकडे जमीन न्यायाने आली की दांडगाईने, याच्याशी खजिन्याला देणंघेणं नव्हतं. वसुलीची यादी म्हणून जन्मलेल्या वहीला तुम्ही मालकी हक्काचं सिंहासन देऊन बसलात.

काही शहाण्यांनी दुसऱ्या टोकाची चूक केली आहे. सातबारा निर्णायक नाही, हे त्यांना कुठून तरी कळलं. मग त्यांनी लिहिलं, ‘नोंदणीकृत खरेदीखत झाले की मालकी पक्की.’ अरे, कोणी पक्की केली? दुय्यम निबंधकाने? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882, कलम 54. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो, हे खरं. नोंदणी अधिनियम, 1908, कलम 17, हेही खरं. पण निबंधक बघतो काय? मुद्रांक पुरेसा आहे का, सही करणारा तोच माणूस आहे का, सही-अंगठा त्याने कबूल केला का. विकणाऱ्याच्या हातात विकण्याजोगं काही होतं की नव्हतं, याचा न्याय तो करत नाही. तामिळनाडूने असा नियम करून पाहिला होता, की विकणाऱ्याने आपल्या मालकीचा मूळ दस्त दाखवला नाही तर नोंदणी नाकारायची. 2025च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण मूळ कायद्याने निबंधकाला तो अधिकार दिलेलाच नाही. म्हणजे इथे दस्ताची नोंद होते, मालकीची होत नाही. जे माझ्याकडे नाही ते मी तुला नोंदणीकृत दस्ताने विकलं, तर तुझ्याकडे एक उत्तम नोंदवलेला कागद येतो आणि जमीन येत नाही.

तेव्हा नीट ऐका, कारण हे गाइडात नाही. या देशात तुमच्या जमिनीच्या मालकीची हमी सरकार देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने 1858 साली अशी व्यवस्था बसवली, की सरकारी नोंदवहीत नाव आलं म्हणजे मालकी आली, मागचे दस्त उकरायचं कारण नाही. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने त्या वाटेने जाऊ पाहिलं. 2023 साली कायदा अंमलात आणला. दिवाणी न्यायालयाला बाजूला सारून अधिकाऱ्याच्या हातात मालकीचा फैसला जातो म्हणून वकील संपावर गेले, लोक बिथरले, निवडणुकीत तो मुद्दा झाला आणि 2024 साली नव्या सरकारने कायदाच मोडीत काढला. माझं मत विचाराल तर लोकांची भीती खोटी नव्हती. ज्या कचेरीत आज्याच्या नावातली चूक दुरुस्त करायला नातवाचे जोडे झिजतात, त्या कचेरीने लिहिलेलं नाव अखेरचं समजा म्हटलं, तर कोणाच्याही पोटात गोळा येईल.

हमी नाही, म्हणूनच वकील लागतो. तीस वर्षांचा शोध, सूची क्रमांक दोन, एकेक फेरफार मागे मागे नेत पहिल्या मालकापर्यंत जाणं, आकारबंदाशी क्षेत्र ताडून बघणं, मोजणीचा नकाशा, आणि स्वतः जाऊन बांधावर उभं राहणं. वहिवाट कोणाची आहे, हे शेजाऱ्याला विचारणं. तुमची रोजीरोटीच या खाचखळग्यांवर आहे, आणि तुम्ही लिहून ठेवता की खळगा नाहीच!

तिसरा प्रश्न. ‘जमिनीविषयी कायदा करण्याचा अधिकार कोणाचा?’ याची उत्तरं वाचताना मी चष्मा काढून ठेवला. एकाने लिहिलंय, केंद्राचा. एकाने लिहिलंय, राज्याचा. एकाने लिहिलंय, ‘दोघांचाही, परंतु न्यायालयाच्या अधीन राहून.’ हे राजकारण्याचं उत्तर झालं. सातवं परिशिष्ट वाचायला किती वेळ लागतो? राज्यसूचीतली 18वी नोंद : जमीन, जमिनीतले हक्क, कूळ-मालक संबंध, शेतजमिनीचं हस्तांतरण. 45वी : जमीन महसूल आणि जमिनीचे अभिलेख. आता समवर्ती सूची काढा. 6वी नोंद : शेतजमीन सोडून इतर मालमत्तेचं हस्तांतरण आणि दस्तांची नोंदणी. 5वी : वारसा, मृत्युपत्र. 42वी : भूसंपादन. म्हणजे एकच माणूस वारला आणि त्याचं गावात शेत नि पुण्यात फ्लॅट असेल, तर वारस कोण हे संसदेच्या कायद्याने ठरेल, शेत कोणाला विकता येईल हे विधानसभेच्या कायद्याने, फ्लॅटचा दस्त 1882च्या केंद्रीय कायद्याने आणि त्यावरच्या मुद्रांकाचा दर पुन्हा राज्य ठरवणार. एवढी गुंतागुंत एका कुटुंबाच्या ताटात वाढलेली असते. तुम्ही एका शब्दात उत्तर लिहून मोकळे.

आणि राज्य राज्य करता, ते राज्य तरी एकसारखं आहे का? पश्चिम महाराष्ट्राला 1948चा मुंबई कूळवहिवाट कायदा. विदर्भाला 1958चा वेगळा. मराठवाड्याला निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणारा 1950चा. एका मंत्रालयाखाली तीन कूळकायदे, आणि तुमच्यातले नांदेडचे नि अमरावतीचे विद्यार्थी 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन आपल्याच गावचा समजून छातीठोक लिहितात! तो 1948च्या कायद्याखालचा दिवस. त्या दिवशी कसणारं कूळ मानीव खरेदीदार झालं, ते त्या कायद्याच्या मुलखात. मुंबई राज्य 1960 साली फुटलं तेव्हा तोच कायदा गुजरातकडेही राहिला आणि तिथल्या विधानसभेने आपल्या सोयीने तो वळवला. बेळगावच्या बाजूने येणारे दोघेतिघे आहात, तुमच्या घरी सातबारा नसतो, कन्नडात छापलेली पहाणी असते. कर्नाटकाने 2020 साली बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घ्यायला दार उघडलं. इथे मात्र 1948च्या कायद्याचं कलम 63 अजून उभं आहे, शेतकरी नसाल तर परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हिमाचलात कलम 118. नागालँडमध्ये तर अनुच्छेद 371-अ, तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय जमिनीच्या मालकीबद्दलचा संसदेचा कायदा तिथे लागूच होत नाही. आपल्याच राज्यात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम 36-अ आडवं येतं. आणि तुमच्यातल्या एकाने लिहिलंय, ‘भारतीय नागरिकास भारतात कोठेही शेतजमीन खरेदी करण्याचा मूलभूत हक्क आहे.’ घे बाबा, घे. कुठे घेतोस ते कळव.

मूलभूत हक्कांचा विषय निघालाच आहे, तर तेही उरकतो. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून 44व्या घटनादुरुस्तीने काढला, ती 20 जून 1979 रोजी अंमलात आली. तुमचे आईवडील तेव्हा शाळेत असतील. आता आहे तो अनुच्छेद 300-अ : कायद्याच्या आधाराविना कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. हा घटनात्मक हक्क आहे, दुबळा नाही. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे सात पदर उलगडून दाखवले : नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणासह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई वगैरे. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती धरता येणार नाही. तो खटला कुठला? मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा, म्हाडा कायद्यातल्या प्रकरणाचा. तुमच्या राजधानीतला खटला तुमच्यातल्या एकाही उत्तरपत्रिकेत नाही. आणि नववं परिशिष्ट 1951 साली कशासाठी जोडलं? जमीन सुधारणा कायदे कोर्टकचेरीत अडकू नयेत म्हणून. त्यात पहिला नंबर बिहारचा, दुसरा आपल्या 1948च्या कूळकायद्याचा. एवढं मानाचं पान, आणि तुम्ही ते उलटूनही पाहिलं नाही.

आता खरं बोलायचं ते.

गेल्या महिन्यात मी सांगितलं होतं, की प्रत्येकाने घरचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार घेऊन यायचे. निम्म्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला, तोही बिनसहीचा, फक्त माहितीसाठी असलेला. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. पंधरा रुपये. कॅन्टीनमध्ये त्याहून जास्तीची उधारी आहे तुमची. काहींनी उतारा आणला, फेरफार आणला नाही. फेरफाराशिवाय सातबारा म्हणजे शेवटचं पान फाडून आणलेली रहस्यकथा. कोण मेलं ते कळतं, कोणी मारलं ते कळत नाही.

एकाने सगळं नीट आणलं. तो कोण, ते सांगणार नाही. त्याला माहीत आहे. त्याचा उतारा मी शांतपणे वाचला. क्षेत्र 1 हेक्टर 62 आर. (एक आर म्हणजे एक गुंठा नव्हे रे. गुंठा 1089 चौरस फूट, आर 1076च्या आसपास. दोघांनी पेपरात एकच धरलाय.) भोगवटादार वर्ग-1. आकार इतका, पोटखराबा इतका. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आणि विहिरीत तिसरा हिस्सा. भोगवटादार म्हणून पूर्वी एकच नाव, त्याच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं, आणि त्या नावापुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘सर, आडनावाचं लघुरूप असेल.’

एकत्र कुटुंब मॅनेजर! चार भाऊ एकत्र होते, सारा भरायला आणि कचेरीत जायला एक माणूस हवा, म्हणून थोरल्याचं नाव कर्ता म्हणून लावलं. जमीन चौघांची. पुढे थोरला वारला. वारसाच्या फेरफारात त्याच्या मुलांची नावं लागली आणि ती तीन अक्षरं गळाली. कशी गळाली? कोणी खोडली नाहीत. नवा उतारा लिहिताना कोणी उतरवलीच नाहीत, इतकंच. संगणकीकरणाआधीच्या हाताच्या उताऱ्यावर आहेत, आताच्या छापील उताऱ्यावर नाहीत. बाकीच्या तीन भावांच्या घरांनी चाळीसेक वर्षं पिकं काढली, कोणी कोणाला विचारलं नाही, कारण भाऊबंदकी गोड होती. आता शेजारून रस्ता जाणार म्हणतात, भाव चढला, आणि थोरल्या घरची पोरं म्हणतात, सातबारा आमचा. तुमच्या गाइडाने त्यांना न्याय दिला असता. लिहिलंयत ना तुम्ही, निर्णायक पुरावा म्हणून? घ्या निर्णायक.

यात कोणी लुच्चेगिरी केलीच, असं मी म्हणत नाही. पुष्कळ वेळा आळसच पुरतो. फेरफाराची नोंद झाली की ती चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवसांत हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत घ्यायची, नाही तर मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. कलम 150. पद्धत चांगलीच आहे. पण चावडीवरचा कागद कोण वाचतो? हरकतीची मुदत संपते, नोंद प्रमाणित होते, आणि मग प्रांतांकडे अपील, त्यांच्यापुढे आणखी अपील, वर दिवाणी दावा. पंधरा दिवसांचा आळस पुढची पिढी फेडते.

त्याने आणलेल्यांत दुसऱ्या एका जमिनीचाही फेरफार होता. त्याचे आजोबा वारले तेव्हाचा. मुलगे तीन, मुली दोन. मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी, मुलींची इतर हक्कात. त्या काळी सर्रास असंच करत, चुलत्या-मामांच्या सगळ्या उताऱ्यांवर हेच दिसेल. बहीण आहे हे नाकारायचं नाही, पण तिला मालकाच्या रांगेत बसवायचंही नाही, कोपऱ्यात विहिरीच्या हिश्श्याशेजारी आणि बोजाशेजारी बसवायचं. पुढच्या फेरफारात त्या दोघी इतर हक्कातूनही गेल्या. शेरा काय? ‘तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला.’ आता तुम्हीच सांगा, स्थावर मिळकतीतला हक्क तलाठ्यापुढच्या जबाबाने सुटतो का? नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तो शेरा कायद्याच्या कसोटीवर कवडीमोलाचा आहे. पण त्यावर दोन पिढ्या शेत कसलं गेलं, आणि त्या बायकांना रक्षाबंधनाला साडी मिळाली.

हे वाचून त्याने काय विचारलं? ‘सर, आता त्यांना काही मागता येईल का?’ त्याच्या आवाजात काळजी होती, आणि काळजी आत्यांची नव्हती.

मी उत्तर देतो, सगळ्यांसाठी देतो. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला सहदायाद केलं, पण लग्न झालेल्यांना वगळून. संसदेने 2005 साली देशभर केलं, 9 सप्टेंबरपासून. त्याच दुरुस्तीत हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 4(2) गेलं. शेतजमिनीच्या तुकडेबंदीचे आणि कूळवहिवाटीचे कायदे वारसा कायद्यापासून बाजूला ठेवण्याची जी पळवाट होती, ती बुजली. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की मुलगी जन्मानेच सहदायाद, 2005 साली बाप जिवंत असो वा नसो. 20 डिसेंबर 2004पूर्वी झालेल्या खऱ्या वाटण्या मात्र उघडायच्या नाहीत. खऱ्या म्हणजे नोंदवलेल्या किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या. घरात बसून ‘आमची वाटणी झाली होती’ म्हणणं पुरत नाही, अगदी अपवाद सोडला तर. तेव्हा आत्यांना मागता येईल का, याचं उत्तर त्या फेरफारांच्या तारखांत आणि वाटणीच्या कागदात आहे. तारखा न बघता ‘येईल’ म्हणणारा वकील जितका नालायक, तितकाच ‘येणार नाही, घाबरू नका’ म्हणणारा. गोव्यातल्या माणसाला हा प्रश्नच वेगळा वाटेल. तिथे जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे नवरा-बायकोची मिळकत सामायिक, बायकोच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही, आणि बाप मृत्युपत्राने मुलांचा ठरलेला अर्धा वाटा मारू शकत नाही. शेजारच्या राज्यात जे सहज घडतं, ते आपल्याकडे कोणाच्या तोंडून निघालं की घर फुटतं.

शहरातली मंडळी मघापासून गालातल्या गालात हसताय, मी बघतोय. तुमच्याकडे शेत नाही, म्हणून सुटलात वाटतं? तुमच्या सोसायटीची मिळकत पत्रिका काढा. तुम्ही फ्लॅटचा दस्त लॅमिनेट करून कपाटात ठेवलाय, हप्ते भरताय, गणपतीची वर्गणी काढताय, आणि खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा त्याला जमीन देणाऱ्या मूळ मालकाच्या नावावर आहे. 1963च्या मोफा कायद्याप्रमाणे आणि त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. ती देत नाहीत म्हणून 2008 साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली, बिल्डर आला नाही तरी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडून करून घ्या म्हणून. अर्ज कोण करणार? सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून दोन तास भांडता, हा विषय आला की चहा येतो आणि सभा संपते. पुनर्विकासाच्या वेळी मूळ मालकाचा नातू दारात उभा राहील, तेव्हा खेडवळ अडाणी असतात, हे वाक्य पुन्हा म्हणून दाखवा.

1875 साली, 12 मेला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं फोडली आणि कर्जरोखे, गहाणखतं रस्त्यावर आणून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून तुम्ही त्यावर पाच गुणांचं टिपण लिहिता. त्या लोकांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. तरी त्या कागदाने आपली जमीन जाते, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं, आणि सावकाराच्या जिवाला फारसा हात न लावता त्यांनी नेमका कागद जाळला. तुम्हाला वाचता येतं, इंग्रजीतही येतं, मोडी सोडून सगळं येतं, आणि घरातल्या कागदावर काय लिहिलंय ते माहीत नाही. त्यांच्या अडाणीपणाला कारण होतं. तुमच्या अडाणीपणाला सोय आहे. ए.कु.मॅ. म्हणजे काय, हे थोरल्या घरच्या पोराला कळलं नाही तर त्याचा फायदा. आत्याचं नाव कसं गेलं, हे तुम्ही विचारलं नाहीत तर तुमचा फायदा. म्हणून मला तुमच्या ‘सर, हे अवघड जातं’ यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. शेअर बाजाराचे तक्ते तुम्हाला अवघड जात नाहीत.

आणि ते नोटरी करून घेतलेलं ‘वाटणीपत्र’ ज्याने अभिमानाने जोडलंय, त्याने वर यावं. शंभराच्या स्टॅम्पवर, पंचांच्या सह्यांनिशी, नोंदणीविना. शंभराच्या जागी सरकारने 2024 साली किमान पाचशेचा स्टॅम्प केला. तुझ्या कागदाची किंमत त्याने वाढलेली नाही. जागेवर बसून मालमत्ता वाटून देणारा नवा दस्त असेल तर तो नोंदवावा लागतो. आधीच झालेल्या वाटणीची केवळ आठवण लिहून ठेवलेला असेल तर गोष्ट वेगळी. तुझा यातला कुठला? माहीत नाही ना? कागद घरी ने, पहिल्या दोन ओळी वाच, ‘आज रोजी वाटप करीत आहोत’ असं आहे की ‘पूर्वीच झालेल्या वाटपाची नोंद करून ठेवत आहोत’ असं आहे, ते बघ. लाखाचा फरक त्या क्रियापदात आहे.

सोमवारी वर्गात येताना आज्याच्या नावापासून आजपर्यंतचा प्रत्येक फेरफार क्रमाने लावून आणायचा. हाताने लिहिलेले जुने उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, अर्ज करायचा, नक्कल फी भरायची, रांगेत उभं राहायचं. शहरवाल्यांनी मिळकत पत्रिका आणि सोसायटीच्या शेवटच्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. ज्याच्याकडे फाइल नाही त्याची हजेरी लागणार नाही, आणि चिठ्ठीवर सही मागायला माझ्या खोलीकडे फिरकायचं नाही. ज्यांच्या फेरफारात बहिणींच्या जबाबाचा शेरा आहे, त्यांनी तो शेरा शब्दशः उतरवून घ्यायचा, आणि त्या जबाबाच्या दिवशी आपण गावात होतो का, कोणी नोटीस दिली होती का, सही केली तेव्हा कागद वाचून दाखवला होता का, हे आत्याच्या घरी जाऊन विचारून यायचं. वडिलांना विचारलेलं चालणार नाही.